लोणारचं झाकण आणि फिरवायच्या चकत्या

मंडळी, आजचा लेख जरा भांडखोर आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय ऐकून काही जण म्हणतील, याला शनिवारी दुसरं काही काम नाही का? तर नाही. :-)

विषय असा. हातात तलवार किंवा त्रिशूळ, समोर राक्षसांची फौज, बोटांना उसंत नाही, अशा वेगवान अ‍ॅक्शन गेममध्ये मधूनच कोडी यावीत का? म्हणजे पंधरा मिनिटं मस्त मारामारी चाललेली असते आणि अचानक एक बंद दार येतं. दारासमोर तीन मूर्ती. त्या फिरवा, सगळ्यांची तोंडं बरोबर दिशेला आणा, मग दार उघडणार. हे असावं की नसावं?

यावर दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष माझ्या मेहकरच्या आतेभावाचा. "काहून बे, कायले डोकं खाते हा गेम? मारू दे ना सरळ!" हा त्याचा संपूर्ण युक्तिवाद. पुण्यातली माझी आयटीवाली दोस्तमंडळी हेच जरा सभ्य भाषेत सांगतात. दिवसभर ऑफिसात आपण कोडीच सोडवतो. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला, एकही कमेंट नसलेला कोड, त्यातला बग शोधा. मग हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी या. जेवणं उरकून तासभर मिळाला, की पुन्हा बसून मूर्ती फिरवायच्या? चार राक्षस कापू द्या आणि झोपू द्या ना भाऊ.

दुसरा पक्ष म्हणतो, नुसती हाणामारी किती वेळ करणार? बोटं दुखतात, कंटाळा येतो. मध्ये थोडा विसावा हवा, डोक्यालाही काही खाद्य हवं. जेवणात तोंडी लावायला काही नको का?

माझं म्हणणं असं की दोन्ही पक्ष चुकतात, आणि एकाच जागी चुकतात. दोघांनीही धरून चाललंय की मारामारी वेगळी आणि कोडं वेगळं. एकाला ताटातलं तोंडी लावणं नको आहे, दुसऱ्याला हवं आहे, एवढाच फरक. पण कोडं हे तोंडी लावणं नाहीच. कोडं म्हणजे पुरणपोळीतलं पुरण. ते पोळीच्या आत हवं. शेजारी वाटीत वाढलं तर त्याला पुरणपोळी म्हणत नाहीत.

मग ही वाटीत वाढलेली कोडी आली कुठून? थोडा इतिहास. २००१ सालचा 'डेव्हिल मे क्राय' हा या वेगवान तलवारबाजीच्या खेळांतला एक मूळपुरुष. तो बनवायला घेतला होता 'रेसिडेंट एव्हिल' या भीतीदायक मालिकेचा पुढचा भाग म्हणून. त्या मालिकेत पछाडलेल्या वाड्यातून दबकत फिरायचं, गोळ्या मोजून वापरायच्या, किल्ल्या आणि चिन्हं शोधत दारं उघडायची. तिथे ते शोभतं. मागून काहीतरी येईल अशी भीती असताना विचार करायला लावणं, हीच तिथली गंमत. पुढे मारामारीचा वेग भलताच वाढला, पण किल्ल्या आणि कुलुपं होती तशीच राहिली. २००५ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये तर पँडोराचं अख्खं मंदिर सापळ्यांनी आणि कोड्यांनी भरलेलं आहे. त्याचं यश बघून पुढच्यांनीही तेच केलं. आपल्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. हे इथे का आहे ते कुणालाच माहीत नाही, पण काढायची कुणाची हिंमत होत नाही.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. नवा शत्रू बनवायचा म्हणजे त्याचं मॉडेल, त्याच्या हालचाली, त्याचे हल्ले, आवाज, आणि मग महिनोन्महिने टेस्टिंग. चकत्या फिरवायची एक खोली त्यामानाने स्वस्त पडते, आणि खेळणाऱ्याची दहा मिनिटं आरामात खाते. तेवढाच गेम लांबलचक दिसतो. रस्ता बांधायला पैसे नसले की स्पीडब्रेकर बांधावा, तसा प्रकार.

'गॉड ऑफ वॉर'ला मी सरसकट झोडपणार नाही. त्यात एक जागा अशी आहे की पुढे जायचं असेल तर पिंजऱ्यातल्या एका जिवंत सैनिकाला ढकलत वर नेऊन आगीत बळी द्यावा लागतो (युरोपच्या आवृत्तीत त्या जागी जिवंत माणूस ठेवला नव्हता). तो गयावया करतो, आणि ढकलणारे आपणच असतो. कोडं म्हणून ते साधंच आहे. पण ते सोडवल्यावर क्रेटॉस कसला माणूस आहे, हे कुठल्याही संवादाशिवाय कळतं. ते कोडं काढलं तर कथेतलं काहीतरी जातं. असल्या कोड्याच्या मी कधीच विरोधात नाही.

आता घरच्या उदाहरणाकडे येतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. आधी ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर, मग ऑक्टोबरमध्ये पीसी आणि इतर कन्सोलवर. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्या वर्षीच्या सर्वोत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन होतं. सर्कशीतली मुलगी राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि तिच्या मदतीला दुर्गा आणि विष्णू. कथा पुढे नेणारे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांमधून दाखवलेत, महाल आणि मंदिरं बघत राहावीत अशी. पुण्यात बसून चार-दोन लोकांनी हे केलं याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच बोलायचा हक्कही आहे.

राजी लढते कशी ते बघा. सर्कशीतली असल्यामुळे ती भिंतीवरून पळते, खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या फिरण्याच्या जोरावर आजूबाजूच्या असुरांना उडवते. तीच भिंत, तेच खांब तिला पुढची वाट गाठायलाही उपयोगी पडतात. म्हणजे तिचं चालणं आणि तिचं लढणं एकाच अंगातून आलंय. सुंदर विचार आहे हा.

आणि मग कोडं येतं. एक गोल चित्र, त्याच्या एकात एक बसवलेल्या चकत्या. चकत्या फिरवायच्या, चित्र जुळलं की वाट मोकळी. तिथे राजी सर्कशीतली आहे याला अर्थ नाही, हातात दुर्गेचा त्रिशूळ आहे याला अर्थ नाही, गोलू असुरांच्या ताब्यात आहे यालाही नाही. राजीच्या जागी आमच्या मेहकरचा पोस्टमन असता तरी चकत्या तशाच फिरल्या असत्या. भावाला शोधायला जिवाच्या आकांताने निघालेली मुलगी, आणि मध्येच आपण शांतपणे बसून रविवार पुरवणीतलं चित्र जुळवतोय!

हे फक्त राजीचं नाही, जगभर चालतं. पण राजीच्या बाबतीत मला जास्त लागतं, कारण ज्या गोष्टींवर तो गेम उभा आहे, त्या आपल्या गोष्टींमध्ये कोडं आणि लढाई कधीच वेगळी नव्हती.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे लोणारचं सरोवर आहे. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेला खड्डा, व्यास साधारण १.८ किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर फोटो फिरले, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीतही गेलं. हे झालं शास्त्र. गावातल्या दैत्यसूदनाच्या मंदिराशी जोडलेली कथा वेगळी आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली लपून राहायचा आणि वर येऊन सगळ्यांना छळायचा. विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेतलं, लवणासुराच्या दोन बहिणींना भुरळ घातली, त्यांच्याकडून त्याच्या लपायच्या जागेचा पत्ता काढला, आणि पायाच्या अंगठ्याने त्या बिळावरचं झाकण उडवून दिलं. मग लढाई, मग वध. झाकण दूर जाऊन पडलं त्याची टेकडी झाली, आणि बिळाचं झालं सरोवर.

ही कथा गेम डिझायनरच्या नजरेने वाचा. विष्णूपुढे लवणासुराची ताकद हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की तो आहे कुठे. कुणी म्हणेल, म्हणजे हेही बंद दारच की! तर नाही. दारासमोरच्या तीन मूर्तींचा दारामागच्या राक्षसाशी काहीही संबंध नसतो. इथे झाकणाखाली तोच असुर आहे, आणि झाकणाचा पत्ता त्याच्याच घरातून फुटतो. कोडं सुटतं तिथूनच त्याचा पराभव सुरू होतो.

हिरण्यकशिपू घ्या. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने वरदानाची स्पेसिफिकेशन लिहून घेतली आणि सगळे टेस्ट केस पास करून निवांत बसला. नरसिंह आला तो एज केस घेऊन. संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखं. यात शक्ती किती आणि युक्ती किती? नरसिंहाची नखं सगळ्यांना आठवतात, पण तो उंबरठा नसता तर नखांचा उपयोग शून्य होता.

रक्तबीज घ्या. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की दुसरा रक्तबीज उभा. म्हणजे जितके वार कराल तितके शत्रू वाढणार. बटणं बडवत सुटणाऱ्या प्रत्येक खेळाडूला याहून चांगला धडा कोण देईल? तिथे काली येते आणि रक्त जमिनीवर पडूच देत नाही. लढाई एक क्षणही थांबत नाही, आणि कोडं सुटतं ते लढता लढताच.

आणि ज्यांनी लहानपणी 'चांदोबा' वाचलाय त्यांना वेताळ सांगायला नको. खांद्यावर प्रेत, मध्यरात्र, स्मशान, आणि वरून प्रश्न. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं, बोललास तर वेताळ पुन्हा झाडावर. कोड्याचं उत्तर देण्याचीच किंमत मोजायला लावणारी ही गोष्ट. तिला चकत्यांच्या पंगतीत बसवाल?

आता तुम्ही म्हणाल, पुराणातली वांगी पुराणात. कागदावर हे ठीक, पण गेमचा वेग असताना विचार करायला वेळ कुठे असतो? त्यासाठी पुराणातही जायला नको, गडावर जा. शिवाजी महाराजांनी रायगडाचा महादरवाजा बांधला तो दोन बुरुजांच्या आड, ज्याला गोमुखी रचना म्हणतात. खालून चढणाऱ्याला दार दिसतच नाही. अगदी जवळ जाऊन वळल्यावर कळतं की दार इथे आहे, आणि तोवर दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आपण आलेले असतो. दारावर धडक द्यायला हत्तीला सरळ धावही मिळत नाही. हल्ला करणाऱ्यासाठी हे कोडंच होतं, आणि ते वरून दगड आणि गोळ्या येत असताना सोडवायचं होतं. 'जरा थांबा, आम्ही विचार करतोय' असं म्हणायची सोय नव्हती.

तेव्हा कोडं म्हणजे थांबणं, हे समीकरणच चुकीचं आहे. ज्यांना हे कळलंय त्यांनी ते करूनही दाखवलंय. २०१७ च्या 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये धातूतून वीज वाहते, हा एकच नियम सगळीकडे लागू आहे. देवळातल्या कोड्यात तुटलेलं सर्किट जोडायला तुम्ही कमरेची तलवार टाकू शकता. आणि वादळात तीच तलवार अंगावर ठेवलीत तर वीज तुमच्यावर पडते. २०२४ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'मध्ये नायक आपली सावली एका जागी ठेवून क्षणात तिथे परत उडी घेऊ शकतो. अवघड उडीच्या कोड्यात ती युक्ती लागते, आणि शत्रूचा वार चुकवायलाही तीच. तलवार आणि डोकं यांचे तिथे दोन वेगळे विभाग नाहीत.

इथे पहिल्या पक्षाचं हुकमी पान येतं: 'ब्लॅक मिथ: वुकाँग'. चीनमधला, २०२४ चा, त्यांच्या पुराणकथेवरचा. मूर्ती-चकत्या जवळपास नाहीतच, सरळ मारामारी, आणि जगभर तुफान चालला. मग?

मग त्याचा दुसरा अध्याय नीट खेळा. शेवटी 'यलो विंड सेज' भेटतो, वादळं उठवणारा. तुम्ही नुसते लढत राहिलात तरी कधी ना कधी जिंकाल. पण आडवाटांनी फिरून, लपलेल्या एका शत्रूला हरवून वाऱ्याला आवरणारं पात्र मिळवलं असेल, तर त्याचं वादळच तुम्ही थंड करू शकता. हे कोडं नाही तर काय आहे? फक्त त्याच्यावर 'कोडं' अशी पाटी लावलेली नाही. वुकाँगवाल्यांनी तिथे कोडं पोळीच्या आत भरलं, म्हणून ते आतेभावाच्या दाताखाली आलं नाही इतकंच.

यावरून मी दोन साध्या कसोट्या काढल्यात. एक, कोडं सोडवताना तेच वापरावं लागलं पाहिजे जे लढताना वापरतो. दोन, कोडं काढून टाकलं तर लढाई बदलली पाहिजे, नाहीतर कथेचा लचका तरी तुटला पाहिजे. दोन्हीत नापास झालेलं कोडं सरळ डिलीट करा.

दुसऱ्या कसोटीचा पुरावा खुद्द बनवणारेच देतात. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये सेटिंगमध्ये जाऊन कोडी वगळायची सोय आहे. ज्यांना ती कोडी खेळताच येत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय चांगलीच, तिला माझा विरोध नाही. पण वगळल्यावर कथेला साधा ओरखडाही येत नाही, याचा अर्थ काय? २०२२ च्या 'गॉड ऑफ वॉर: रॅग्नारॉक'मध्ये तर आपण खोलीत शिरून इकडेतिकडे बघेपर्यंत सोबतचं पात्र उत्तर सुचवायला लागतं. पोराने प्रश्न वाचायच्या आत बापाने गाइड उघडून दाखवावं तसं. स्वतःच्याच कोड्यावर विश्वास नव्हता तर ठेवलं कशाला?

दुसऱ्या पक्षाच्या 'विसावा हवा' या मुद्द्यालाही उत्तर देतो. विसावा हवाच. पण नारदीय कीर्तन ऐकलंय ना? पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्या मध्ये बुवा थांबतात, त्यांना हार घालतात, बुक्का लावतात. तेव्हा सभामंडपात काय चालतं? नामाचा गजर. म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळते, पण सूर तोच राहतो. त्या मधल्या वेळात बुवांनी श्रोत्यांना शब्दकोडं वाटलेलं मी तरी बघितलेलं नाही.

आणि वेळेचं म्हणाल तर आपल्या तासाभराच्या खेळाची सगळ्यात जास्त माती कोण करतं? चकत्यांचं कोडं, जे आपण दोन मिनिटांनी वैतागून यूट्यूबवर बघतो. आणि तेच तेच राक्षस तिसाव्यांदा कापणं, जे 'रिलॅक्सिंग' म्हणून आपण खपवून घेतो. दोन्हीत डोकं बंदच असतं. रक्तबीजासारखा शत्रू यूट्यूबवर बघूनही हातानेच हरवावा लागतो. उत्तर कळणं आणि उत्तर जमणं यात अंतर असतं, आणि चांगलं कोडं त्या अंतरात राहतं.

हे सगळं इतकं तावातावाने का लिहितोय? कारण आपल्याकडे पौराणिक अ‍ॅक्शन गेम बनवायचा उत्साह आता वाढतोय, आणि ते बनवणारे तुमच्या-माझ्यासारखेच इंजिनियर आणि चित्रकार आहेत. परदेशातल्या शेकडो माणसांच्या स्टुडिओशी आपण केसांच्या हालचालीत किंवा स्फोटांच्या आकारात टक्कर देऊ शकत नाही. तेवढा पैसा नाही. पण वरदानातली फट शोधणाऱ्या गोष्टी आपल्याकडे ढिगाने आहेत. तिथे पैशापेक्षा विचार आणि चिकाटीने केलेलं टेस्टिंग जास्त लागतं. ते सोडून आपण परक्या खेळांचा साचा घेतला, त्यावर मुकुट आणि गदा चिकटवल्या, तर पुढच्या पिढीसाठी असुर म्हणजे डोक्यावर लाल पट्टी असलेला एक जाड माणूस उरेल. ती पट्टी संपेपर्यंत बडवायचा, बस. हिरण्यकशिपूला शंभर फटक्यांत मारणारा नरसिंह कुणी बनवला, तर त्याने गेम बिघडवलाच, आणि गोष्टही मारली.

असो. कुणीतरी एक दिवस लोणारवर गेम बनवेलच, जागाच तशी आहे. लवणासुराला हवा तेवढा मोठा करा, लढाई हवी तेवढी वेगवान ठेवा, दोन बहिणींच्या तोंडून पत्ता काढायला मला रात्रभर जागवा, चालेल. फक्त हात जोडून एक विनंती आहे. त्या झाकणावर फिरवायच्या तीन चकत्या बसवू नका.